दोन हात पट्टी

नगरहून आलेल्या भंगारवाल्यानं रिळाचं टोक हातभर ओढलं, उन्हाकडं धरून पाहिलं आणि मग हरभऱ्याचा दाणा पारखावा तसं दाढेखाली घेऊन चावलं. मच्छिंद्राच्या अंगावर काटा आला. सोळा वर्षं तो भाऊसाहेबांच्या टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होता आणि एवढ्या वर्षांत त्यानं फिल्मला कडा सोडून कुठं बोट लावलं नव्हतं. घामाचं बोट लागलं तरी चित्रावर डाग उमटतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत असे. इथं तर थुंकी लागली होती.

"माल बरा आहे," भंगारवाला म्हणाला. "धुतला की थोडी चांदी सुटते. उरलेल्या पट्टीच्या बांगड्या होतात."

"बांगड्या?"

"हिरव्या, लाल, पाहिजे त्या. तुमच्याच बाजारात येतील विकायला."

भाऊसाहेब लोखंडी खुर्चीत बसून ऐकत होते. तिसगावच्या बाजारतळावर त्यांनी तंबू ठोकला त्याला सव्वा महिना झाला होता. पहिल्या आठवड्यात खेळाला पन्नास माणूस आलं, दुसऱ्यात वीस, आणि परवा नऊ. त्यांतले तिघं तर कनातीखालून घुसलेले. लोकांचा तरी काय दोष? दोन पावसाळे कोरडे गेले होते. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडलेला माणूस संध्याकाळी पाण्याच्या रांगेत हंडा ठेवायचा आणि तिथंच आडवा व्हायचा. त्याला पडद्यावरचं प्रेम दाखवून काय उपयोग? शेवटी भाऊसाहेबांनी तंबू, जनरेटर आणि मोठं मशीन संगमनेरच्या एका माणसाला देऊन टाकायचं ठरवलं. दाखवायची मुदत संपून त्यांच्याकडंच राहून गेलेले सात पिक्चर तेवढे उरले होते, आणि ते भंगारात चालले होते.

"मच्छिंद्र, ह्यातला एक तू ठेव," भाऊसाहेब म्हणाले. "जुनं मशीनबी तुलाच. बल्बवर चालतंय, त्येला कोन घेतंय? मातर एकच ठेव. सात नेलेस तर झुंबर तुला घराबाहेर झोपवील."

"कुठला ठेवू, मालक?"

"ते मी कशाला सांगू? जल्मभर तुला बघायचाय. बायको केल्यावानी नीट बघून घे. मागून बदलून मिळायचा न्हाई."

भंगारवाला हसला. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला आणि एसटीच्या थांब्याकडं गेला. भाऊसाहेबही जीप बघायला पाथर्डीला निघाले. मच्छिंद्र पेट्यांजवळ बसून राहिला. जन्मभर स्वतःचा एक पिक्चर, ही त्याच्यासारख्या माणसाला सणासारखी गोष्ट होती. पण त्याची बायको झुंबर कुठला पिक्चर मागेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सातही पिक्चर प्रेमाचेच होते. भाऊसाहेब म्हणत, देवाचा पिक्चर माणूस एकदा बघतो आणि हात जोडून घरी जातो. प्रेमाचा दहादा बघतो, कारण ते घरी बघायला मिळत नाही. पेट्यांवरची छापील नावं कुणी वाचत नसे. लोकांनी आपली नावं पाडली होती: पत्रांचा, नावेचा, आंधळीचा, दोन बहिणींचा. मच्छिंद्राचा जीव होता तो पत्रांच्या पिक्चरवर. एक कारकून आणि एक शाळामास्तरीण तीन वर्षं एकमेकांना न बघता पत्रं लिहितात आणि शेवटच्या रिळात एका आडगावच्या स्टेशनवर भेटतात. तो पिक्चर त्यानं तीनेकशे वेळा लावला असेल, पण स्टेशनचं रीळ आलं की तो अजून बिडी विझवून उभा राहायचा. लग्न झाल्यावर झुंबरला त्यानं पहिल्यांदा दाखवला तोही हाच. तुझा आवडता पिक्चर कुठला, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं.

उन्हं कलल्यावर झुंबर खडीच्या कामावरून आली. बोटांना बांधलेल्या चिंध्या तिनं एकेक सोडल्या, झटकल्या आणि उद्यासाठी कनातीच्या दोरीवर वाळत टाकल्या. तांब्यातलं पाणी दोन घोट प्याली. मग मच्छिंद्रानं तिला भाऊसाहेबांचं आणि भंगारवाल्याचं बोलणं सांगितलं.

"नावेचा," ती म्हणाली.

"अगं, ऐकून तरी घे. सात हायेत."

"सात असू द्या न्हाईतर सतरा. त्यात काय इचारायचं?"

नावेच्या पिक्चरमधल्या नावाड्याशी आणि त्याचा जीव जडलेल्या पलीकडच्या काठावरच्या पोरीशी झुंबरला काही देणंघेणं नव्हतं. तिचं देणंघेणं तिसऱ्या रिळातल्या जत्रेशी होतं.

तंबूची मागची बाजू नेहमी रानाकडं असायची आणि फुकटे तिकडूनच शिरायचे. म्हणून झुंबर काठी घेऊन पडद्याच्या मागं बसत असे. सोळा वर्षांत तिनं सगळे पिक्चर मागून, म्हणजे उलटे पाहिले. तिच्या पिक्चरमधले सगळे हीरो डावखुरे होते, सगळ्या बायकांचे पदर भलत्याच खांद्यावर होते. पाट्यांवरची अक्षरंही उलटी दिसत, पण तिला सुलटीही वाचता येत नव्हती. जे पहिल्यापासून तसंच दिसतं ते कुणाला उलटं वाटत नाही.

त्यांना एकच मुलगा जगला होता. आधीची दोन बाळं आठवड्याच्या आत गेली, तेव्हा मढीच्या नाथाला नवस बोलून हा झाला. नाव कानिफ ठेवलं आणि नवसाचं पोर म्हणून उजव्या कानात चांदीची बाळी घातली. अडुसष्ट साली जत्रेला तंबू मढीला होता. सात वर्षांचा कानिफ तीन दिवस जत्रेत हुंदडला. ज्येष्ठात त्याला हगवण-उलटी लागली आणि पाथर्डीला नेताना बसमध्येच, झुंबरच्या मांडीवर, तो गेला. त्याचा फोटो नव्हता. फोटो काढायचं दर जत्रेला ठरायचं आणि दर वेळी पुढच्या जत्रेवर जायचं.

त्या दिवाळीनंतर खेळाच्या आधी दाखवायचं सरकारी रीळ आलं, त्यात मढीची जत्रा होती. पडद्यामागून झुंबरची किंकाळी आली. मच्छिंद्र मशीन सोडून धावला, तर ती पडद्याला हात लावून उभी होती.

"माजा कानिफ. रेवड्यांच्या दुकानापाशी. बाळी बघा त्याची, उजवा कान."

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रानंही पाहिलं. टोपी घातलेलं एक पोर रेवड्यांच्या ढिगाजवळ उभं होतं, त्यानं मान वळवली, संपलं. मशीनच्या चौकोनी भोकातून, एक डोळा उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांवर ठेवून त्याला इतकंच दिसलं. पण झुंबरला दिसलं होतं, आणि आईच्या डोळ्यांपुढं ऑपरेटरच्या डोळ्यांची काय मातब्बरी? सरकारी रीळ परत जायचं होतं. मच्छिंद्रानं त्यातली पोराची तेवढी, दोन हात लांब पट्टी कापून घेतली आणि टोकं जोडून टाकली. त्याची आयुष्यातली ही पहिली चोरी. मढीची जत्रा दोन हातांनी कमी झाली म्हणून सरकारचं काही अडलं नाही.

ती पट्टी त्यानं नावेच्या पिक्चरमधल्या जत्रेत डकवली. पलीकडच्या काठावरची ती पोर बांगड्या भरते आहे, मध्येच मढीचं रेवड्यांचं दुकान, की लगेच नावाडी. कुणाला कधी खटकलं नाही. एका गावात एक म्हातारा तेवढा म्हणाला की ही जत्रा थेट आमच्या मढीसारखीच आहे.

तेव्हापासून त्या तिसऱ्या रिळाला झुंबर कुठंही असली तरी पडद्यामागं येऊन बसे. आधी रडायची, मग रडणं थांबलं. एकदा तिनं विचारलं होतं.

"तेवढं थांबवता येत न्हाई का हो?"

"थांबवलं की जळतं. उजेड लई कडक असतो. चितर पळतंय तवर वाचतंय."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

विचारलं नाही ते बरंच झालं, कारण थांबवलं ते मच्छिंद्रानंच. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, झुंबर पाण्याला गेलेली असताना, बंद तंबूत तो मशीन तपासत होता. तिसरं रीळ चालू होतं. पोराचा बाप असून आपण त्याला चार वर्षांत एकदाही नीट पाहिलं नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला राहवलं नाही. रेवड्यांचं दुकान आलं तसं त्यानं मशीन थांबवलं. अशा वेळी उजेडापुढं आपोआप एक पत्र्याची झापड पडते, ती त्यानं बोटानं वर धरली.

पडद्यावर पोर थांबलं. एवढं मोठं तोंड, टोपी, कानातली बाळी. बाळी डाव्या कानात होती.

त्यानं आपल्याच कानाला हात लावून पाहिला. पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मग त्याला कळलं. पडद्यामागून जो उजवा दिसतो तो डावा असतो. चार वर्षं ते दोघं दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला बघत होते. हे समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पोराच्या गालावर तांबडा डाग पडला, भाजलेल्या पापडासारखे फोड आले आणि पडदा पांढराफटक झाला.

जळालं होतं ते एकच चित्र. बाकीची पट्टी धड होती, जोडता आली असती. पण ती हातात घेतल्यावर त्याला वाटलं, हे पोर कुठंतरी जिवंत असेल, आज अकरा वर्षांचं असेल, दर जत्रेला रेवड्या खात असेल. आणि त्याला त्या पोराचा राग आला. इतका की पट्टी त्यानं चुलीत घातली. एवढा क्षुद्रपणा आपल्यात आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं. रिळाची टोकं त्यानं जोडून ठेवली आणि नावेच्या पिक्चरची मशीनच्या दात्यांत बसणारी कडेची भोकं फाटली आहेत, लावता येत नाही, असं सगळ्यांना सांगून टाकलं. झुंबरलाही.

"पत्रांचा घेऊ की," आता तो म्हणाला. "तुलाबी आवडायचा. नावेच्याची भोकं फाटलीत."

"फाटली तर फाटली. तिसरं रीळ तेवढं चालू द्या."

"झुंबर, आपुन त्यात किती दिवस—"

"दुसरा घेतला तर ह्येच्या बांगड्या करतील म्हनता न्हवं?" ती शांतपणे म्हणाली. "कानिफाच्या बांगड्या. कोन घालील त्या?"

पायाजवळच्या पेटीची कडी त्यानं उघडली आणि पुन्हा लावली.

"येक करा," झुंबर म्हणाली. "उद्या मोठं मशीन जाईल. बल्बच्या मशीनवर अंधुक दिसंल. आज मोठ्यावर दावा. तिसरं रीळच, बाकी काय नको. डिझेल हाय न्हवं तेवढं?"

डिझेल होतं. नाही म्हणायला त्याला एकही कारण सापडलं नाही.

दिवेलागणीपर्यंत तो रीळ पुसत बसला. पुसायला त्यात काही नव्हतं. तिला सांगायचं असं त्यानं ठरवलं होतं. कसं, ते ठरत नव्हतं. पट्टी जळाली एवढंच सांगितलं, तर तिचं पोर दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी बापाच्या हातून. आणि ते आपलं नव्हतंच असंही सांगितलं, तर चार वर्षं ती ज्याच्यासाठी पडद्यामागं बसली तो तिथं कधी आलाच नव्हता असं होणार. यातलं कुठलं कमी वाईट? दोन्ही सांगावं की एकच, की आधी रीळ लावावं आणि तिनं विचारलं की मग बोलावं? भित्रा माणूस नेहमी जे करतो तेच त्यानं केलं. बोलणं पुढं ढकललं.

झुंबर तोंड धुऊन आली. तांब्याभर पाणी तिनं तोंडाला वापरलं होतं, ते या दिवसांत लग्नाघरीसुद्धा कुणी वापरत नव्हतं. धुवट लुगडं नेसली होती.

"आज पुढं बस," मच्छिंद्र म्हणाला. "मालकाची खुर्ची हाय. माणूस कोन न्हाई."

"नको. मला मागूनच सवय हाय."

फुकटा यायला आज कुणी नव्हता, तरी ती काठी घेऊन पडद्यामागं गेली. जनरेटर धडधडू लागला. मच्छिंद्रानं रीळ चढवलं, कांड्या जुळवल्या आणि मशीन सुरू केलं.

नदी आली. एवढं पाणी बघून एरवी त्यालाही बरं वाटायचं. दुष्काळात लोक तर त्या पाण्यासाठीच हा पिक्चर मागायचे. नावाडी गाणं म्हणाला. पोर लाजली. मग जत्रा सुरू झाली, पाळणा फिरला, पिपाण्या वाजल्या. कासार पोरीच्या हातात बांगड्या भरू लागला. मच्छिंद्रानं मशीनवर हात ठेवला. जोड आला तसा खट्ट झालं, पडद्यावर चित्रानं जरा उडी घेतली, आणि लगेच नावाडी आला.

पडद्यामागून आवाज आला नाही. तो वाट पाहत राहिला. ती उठेल, ओरडेल, कनात वर करून बाहेर येईल. जत्रा संपली, नाव पुन्हा पाण्यात गेली, दोघं पलीकडच्या काठाला लागले. रिळाचं शेपूट सुटून फटफट आपटायला लागलं तेव्हा त्यानं मशीन बंद केलं. पडद्यावर तंबूतल्या दिव्याचा पिवळा उजेड तेवढा उरला. तो रिकाम्या तंबूतून चालत गेला, पडदा बाजूला केला आणि तिच्यासमोर उभा राहिला. झुंबर मांडीवर हात ठेवून बसली होती.

"झुंबर, मला तुला येक सांगायचंय. गेल्या उन्हाळ्यात—"

"दिसला," ती म्हणाली.

मच्छिंद्रानं हातातली पडद्याची कड सोडली.

"आज जरा जास्तच वेळ दिसला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "येरवी मान वळवून जातो. आज बघत उभा हुता."

जनरेटर धडधडत होता. मच्छिंद्र तिच्या तोंडाकडं बघत राहिला. सोळा वर्षांचा संसार, पण त्या तोंडावरून त्याला काही कळेना.

"तुमाला दिसला का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"नीट?"

"नीट दिसला."

"मंग झालं." ती काठी टेकून उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. "न्हेऊ घरी. पर आता परत लावायचा न्हाई. पट्टी झिजती. ऱ्हाऊ द्या पेटीत."

तो हो म्हणाला की नाही हे ऐकायला ती थांबली नाही. चूल पेटवायला गेली.

सकाळी टेम्पो आला. सहा पिक्चरच्या पेट्या चढल्या. पत्रांची पेटी मच्छिंद्रानं स्वतः उचलून दिली, आणि भंगारवाल्यानं ती इतर पेट्यांवर फेकली तेव्हा तो दुसरीकडं बघत होता. झुंबर नावेच्या पेटीवर बसून बोटांना चिंध्या बांधत होती. तिला कामावर जायला उशीर झाला होता.

"एवढा आवडता आहे, तर रोज लावाल की हो घरी," भंगारवाला टेम्पोत चढताना म्हणाला.

मच्छिंद्रानं मान खाली घातली. झुंबरनं शेवटची गाठ दातानं ओढून घट्ट केली.

"रोज," ती म्हणाली.